उन्हाळी धानाचे चुकारे आणि मॉईलचा शेअर

प्रश्न : तुमसर तालुक्यात आमची शेती आहे. चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या खाणी जवळच, म्हणून मँगनीज काढणाऱ्या मॉईल कंपनीच्या शेअरवर लक्ष असतं. पावसाळ्यात खाणीचं काम मंदावतं, भाव पडतो आणि हिवाळ्यात चढतो, असं मित्र सांगतात. उन्हाळी धानाचे चुकारे आलेत, पीककर्ज मार्चपर्यंत भरायचंय. तोवर हे पैसे शेअरमध्ये फिरवावेत का?

उत्तर : नाही. वाचकाने शेअरचा हंगाम विचारला आहे, पण त्याची खरी चिंता मार्चची आहे.

आधी हंगामाचं पाहू. पावसात उघड्या खाणींचं काम मंदावतं, हे खरं. मात्र ते साऱ्या बाजाराला ठाऊक असतं, त्यामुळे भावात ते आधीच धरलेलं असतं. 2024 मध्ये तर उलटंच घडलं. मार्चमध्ये मेगन चक्रीवादळाने ऑस्ट्रेलियातील ग्रूट आयलंडवरचा मँगनीज चढवण्याचा धक्का मोडला, निर्यात थांबली, जगभर खनिज महागलं. ऐन जुलैत मॉईल 500 रुपयांच्या वर गेला. पुढे, मँगनीज ज्यात लागतं त्या पोलादाची चीनमधली मागणी सुस्तावली आणि 2025 उजाडल्यावर तोच शेअर 350 च्या खाली होता. मित्रांच्या सल्ल्याने पावसाळ्यात घेणाऱ्याला हिवाळ्यात मोठा फटका बसला असता. जुने आलेख पाहतानाही जपावं : 2017 मध्ये मॉईलने एकास एक बोनस दिला. ते समायोजन नसलेल्या आलेखात भाव एका दिवसात निम्मा झालेला दिसतो.

आता मुख्य गोष्ट. माणसं बुडतात ती बहुतेकदा चुकीच्या शेअरमुळे नव्हे, तर तारीख बांधलेला पैसा बाजारात घातल्यामुळे. भाव पडला की ज्याच्याकडे सवड आहे तो थांबतो. ज्याला सोसायटीत भरणा करायचा आहे, त्याला पडत्या भावात विकावं लागतं. विकायचं नाही म्हणून मुदत चुकवली, तर नुकसान दुहेरी. 3 लाखांपर्यंतच्या पीककर्जावर वेळेत फेड केली तर केंद्राची 3 टक्के व्याजसवलत मिळते आणि राज्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख योजनेमुळे उरलेला भारही उतरतो. म्हणजे कर्ज जवळपास बिनव्याजी. मुदत हुकली की सवलत जाते, खातं थकीत होतं, पुढच्या खरिपाचं कर्ज अडतं. हाच सापळा आहे, आणि दरवर्षी कुणीतरी त्यात अडकतंच.

नफा झालाच, तरी वर्षाच्या आत विकलेल्या शेअरच्या नफ्यावर 20 टक्के करदर आहे.

ऑप्शनमध्ये खेळावं का? मुळीच नको. सेबीच्या 2024 च्या अभ्यासात फ्युचर्स-ऑप्शनमध्ये वैयक्तिक व्यवहार करणारे 93 टक्के लोक तोट्यात निघाले. ब्रोकरच्या उधारीवर शेअर? तेही नको. नोंदणी नसलेल्या सल्लागाराच्या टिपा? वाचूही नयेत.

कर्जाची रक्कम मार्चपर्यंत बँकेच्या मुदत ठेवीत ठेवावी. भरणा करून पावती घ्यावी, खरिपाचं बियाणं, खत आणि मजुरी बाजूला काढावी. पाच वर्षं हात लावावा लागणार नाही असं काही उरलं, तरच शेअर घ्यावा, आणि सगळं एकट्या मॉईलमध्ये घालू नये.