इंटरनेट: नळ की पिझ्झा?

अमेरिकेत नव्या घरात राहायला गेलात की पाणी कोणत्या कंपनीचं घ्यायचं, असा प्रश्न पडत नाही. वेगवान इंटरनेटचंही बऱ्याच ठिकाणी तसंच: घरापर्यंत एकाच कंपनीची तार आलेली असते, फार तर दोघांची. रस्ता खोदून आणखी एक तार टाकायचा खर्च प्रचंड, आणि गिऱ्हाईक मात्र तेवढंच. अर्थशास्त्रात याला नैसर्गिक मक्तेदारी म्हणतात. मग पाण्यासारखे नियम इंटरनेटला का नाहीत?

या भांडणाचं मूळ एका व्याख्येत आहे. १९३४ च्या कायद्याचा दुसरा भाग टेलिफोन कंपन्यांना सांगतो: येईल त्याचं बोलणं भेदभाव न करता पोचवा. १९९६ साली त्यात दोन कप्पे पाडले गेले. तुमचा मजकूर जसाच्या तसा वाहून नेते ती दूरसंचार सेवा. माहिती साठवते, शोधते किंवा बदलते ती माहिती सेवा. कडक नियम फक्त पहिल्या कप्प्याला.

२००२ मध्ये एफसीसीने केबल इंटरनेट दुसऱ्या कप्प्यात टाकलं. एक मोठा आधार होता डीएनएसचा. तुम्ही संकेतस्थळाचं नाव टाइप करता, तेव्हा त्याचा आकड्यांतला पत्ता शोधून देणारी ही यंत्रणा. कंपनी ती पुरवते, म्हणजे ती माहितीवर प्रक्रिया करते, असा युक्तिवाद. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी तो चालवून घेतला. कायदा संदिग्ध आहे आणि संस्थेने लावलेला अर्थ वाजवी आहे, एवढंच बहुमताचं म्हणणं. न्यायमूर्ती स्कालिया यांनी विरोधात पिझ्झाचं उदाहरण दिलं: पिझ्झा घरी आणून द्यायचा आणि वर म्हणायचं की आम्ही घरपोच सेवा देतच नाही!

मला स्कालियांचं पटतं. डीएनएस म्हणजे टेलिफोन डिरेक्टरी. राउटरमध्ये दुसऱ्या कोणाचं डीएनएस घालून बघा. दोन मिनिटांचं काम आहे. तरीही तुमचे पॅकेट वाहून नेणारी तार त्याच कंपनीची राहते.

पुढे नुसता झोका. २०१५ मध्ये इंटरनेट पहिल्या कप्प्यात, २०१७ मध्ये बाहेर, २०२४ मध्ये परत आत. तिन्ही वेळा मतं ३ विरुद्ध २. तारा त्याच, कायदा तोच, बदललं ते आयोगातलं बहुमत. जानेवारी २०२५ मध्ये सहाव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने इंटरनेटला माहिती सेवा ठरवलं. संदिग्ध कायद्याचा अर्थ संस्थेवर सोडायची जुनी रीत सर्वोच्च न्यायालयाने २०२४ च्या जूनमध्येच मोडली होती.

विरोधक म्हणतात, असे नियम आले की गुंतवणूक आटते. पण एक गोष्ट बरेचदा सुटते: २०१५ च्या नियमांत दर ठरवण्याचा अधिकार एफसीसीने आपणहून बाजूला ठेवला होता. तुमचं बिल त्याने उतरलं नसतं. अमुक साइट अडवू नका, मुद्दाम हळू करू नका, अशी बंधनं त्यात होती. भारतात ट्रायने फेब्रुवारी २०१६ मध्ये साइट बघून वेगळे दर लावायला मनाई केली, तीही या कप्प्यांच्या वादात न पडता.

खरोखर नळासारखं इंटरनेट बघायचं तर टेनेसीतल्या चॅटनूगाला जा. तिथल्या सार्वजनिक वीज संस्थेने स्वतःच फायबर टाकलं आणि २०१० मध्ये सेकंदाला एक गिगाबिटची सेवा सुरू केली. अनेक राज्यांत मात्र शहरांनी असं काही करण्यावर कायद्यानेच बंधनं आहेत.