लॉगिन एकीचे, काम दुसरीचे

परिचर्येत माहिती तंत्रज्ञान येते ते मुख्यतः नोंदीच्या रूपाने. रुग्णाचे तापमान, नाडी, रक्तदाब, सलाईनचा आणि लघवीचा हिशेब, दिलेले औषध, न दिलेले औषध आणि ते का दिले नाही, हे सारे पूर्वी टीपीआर चार्टवर आणि ट्रीटमेंट शीटवर उतरत असे. आता ते वॉर्डातल्या संगणकात भरले जाते. कागदावरच्या नोंदीला हस्ताक्षर असते. कोणत्या सिस्टरने लिहिले हे वॉर्डातली मावशीसुद्धा लांबून सांगते. संगणकातल्या नोंदीला असतो फक्त लॉगिन आयडी आणि सर्व्हरने मारलेली वेळ. त्या आयडीमागे बोटे कोणाची चालली, हे पडद्यावर दिसत नाही.

आकडेवारी आणि परिचर्या यांचे नाते नवे नाही. क्रिमियन युद्धातील सैनिकांचे मृत्यू कशाने झाले हे फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी 1858 मध्ये आकृत्यांतून दाखवले होते. भारतीय परिचर्या परिषदेने 2021 च्या सुधारित बी.एस्सी. नर्सिंग अभ्यासक्रमात माहितीशास्त्र व तंत्रज्ञान हा स्वतंत्र विषय घातला. त्याआधी शिकून बाहेर पडलेल्यांना मात्र नवी प्रणाली बहुधा एखाद्या दुपारच्या डेमोत शिकवली जाते, तीही ड्युटी सांभाळून.

खानदेशात या नोंदींतली पहिली अडचण नावांची. रावेर-यावल पट्ट्यातील रुग्ण दाखल असलेल्या वॉर्डात पाटील, चौधरी, महाजन ही आडनावे एकाच वेळी दोन-तीन खाटांवर असतात आणि पहिली नावेही सुमनबाई, लीलाबाई अशी फिरून फिरून तीच. केसपेपरच्या खिडकीवर चौधरी हे आडनाव इंग्रजीत एकदा एका स्पेलिंगने पडते, पुढच्या भेटीत दुसऱ्या. सातपुड्याच्या पायथ्याच्या पावरा, तडवी वस्त्यांतून आलेल्या वृद्धांचे वय अनेकदा अंदाजाने लिहिलेले असते. परिणामी एकाच बाईच्या दोन फाइली तयार होतात, नाहीतर दोघींची नोंद एकीतच जाते. म्हणून नावावरून फाइल उघडूच नये. आयपीडी नंबर, गाव आणि नवऱ्याचे किंवा वडिलांचे नाव, ही तिन्ही जुळल्यावरच औषधाची नोंद करावी.

दुसरी अडचण वेळेची. उपकेंद्रातील आरोग्यसेविकेला रजिस्टर चुकत नाही आणि त्यावर आरसीएच, यू-विन, निक्षय ही ऑनलाइन पोर्टले असतातच. चोपडा किंवा शिरपूरच्या डोंगरपट्ट्यात रेंज नसली की लस सकाळी टोचली जाते आणि नोंद रात्री घरी बसून होते. पडद्यावर दिसते ती रात्रीची वेळ. प्रत्यक्ष वेळ शेऱ्यात लिहिण्याची सवय नसेल, तर पुढे प्रश्न विचारणाऱ्याला ती रात्रीचीच वेळ खरी वाटते.

नावांची अडचण आणि आयडीमागचा माणूस न दिसण्याची अडचण एका संध्याकाळी एकत्र आल्या, तो प्रसंग प्रस्तुत लेखिकेच्या वाट्याला खानदेशातील एका खासगी रुग्णालयात आला. दुपारची पाळी रात्री आठला संपली, ओव्हर (पुढच्या पाळीला ताबा) देऊन झाली, अंगठा लावून ती आठ वीसला बाहेर पडली. त्यानंतर रात्रपाळीच्या नव्या मुलीने एका पाटीलबाईंना जेवणाआधीचे इन्सुलिन दिले आणि आठ पस्तीसला त्याची नोंद दुसऱ्या पाटीलबाईंच्या फाइलमध्ये केली. पहिलीच्या फाइलमध्ये डोस बाकी दिसत होता, म्हणून सव्वानऊला दुसऱ्या सिस्टरने तो पुन्हा दिला. अकराच्या सुमारास बाईंना दरदरून घाम सुटला, ग्लुकोमीटरवर साखर 48 आली. शिरेतून ग्लुकोज गेल्यावर त्या सावरल्या. मेमो मात्र आला प्रस्तुत लेखिकेला, कारण आठ पस्तीसची नोंद तिच्या आयडीवरून झाली होती.

नव्या मुलींना स्वतःचे आयडी मिळालेले नव्हते. जुन्यांच्या आयडीवरून काम चालवा, असा तोंडी आदेश व्यवस्थापनाचाच होता. पासवर्ड सगळ्यांना एकच, बदलायची सोय नाही आणि तो मॉनिटरच्या कडेला चिकटवलेला. पासवर्ड वेगळे करून द्या, ही विनंती इन्चार्ज सिस्टरमार्फत वर गेली होती. हे सर्व ठाऊक असलेले अधिकारी खुलाशाच्या बैठकीत, "सिस्टीम खोटं बोलत नाही, सिस्टर," एवढेच म्हणत राहिले. संगणक विभागाचे गृहस्थ तर कागदाकडे बघत बसून होते. दोषाचा पुरावा म्हणून त्यांनीच लॉगची छापील प्रत पुढे सरकवली. तिच्यावर वेळ होती आठ पस्तीस आणि यंत्र वॉर्डातले. त्याच इमारतीतले हजेरीचे यंत्र सांगत होते की ही बाई आठ वीसला दारातून गेली. दोन्ही यंत्रे खरे बोलत होती, खोटे बोलत होती ती त्या बैठकीतली माणसे. विषय तिथेच थांबला. मेमो मागे घेतल्याचे पत्र काही मिळाले नाही.

अशा ठिकाणी काम करणाऱ्यांनी काही गोष्टी पहिल्याच आठवड्यात कराव्यात. पासवर्ड वैयक्तिक नसेल तर तसे लेखी कळवावे आणि पोच घ्यावी. तोंडी तक्रार कोणी ऐकलेली नसते. पाळी संपताना लॉग-आउट केल्याची वेळ ओव्हरच्या वहीत लिहून घेणाऱ्या सिस्टरची सही घ्यावी. इन्सुलिन, हेपॅरिन, पोटॅशियम यांची नोंद खाटेजवळच व्हावी, नंतर आठवून होऊ नये. चुकीची नोंद पुसू नये. कारण लिहून दुरुस्ती करावी, कारण पुसल्याचीही नोंद राहते आणि ती अधिक संशयास्पद दिसते. खुलासा मागितला तर आधी लॉगची आणि हजेरीची प्रत लेखी मागावी. बाकी लक्ष देऊन काम करावे, धीर सोडू नये वगैरे सर्वांना ठाऊक आहेच.

नोंद बरोबर असली तरी माणूस पाहावाच लागतो. जून 2020 मध्ये जळगावच्या शासकीय रुग्णालयातून 82 वर्षांची कोविडबाधित वृद्धा बेपत्ता झाल्याचे सांगितले गेले आणि आठ दिवसांनी तिचा मृतदेह तिथल्याच स्वच्छतागृहात सापडला. अधिष्ठात्यांसह काही जणांचे निलंबन झाले. प्रत्येक ओव्हरला खाटेपाशी जाऊन, स्वच्छतागृहात डोकावून डोकी मोजणे हे कोणत्याही सॉफ्टवेअरच्या कक्षेत येत नाही.

गोपनीयतेचा भारही शेवटी परिचारिकेवरच येतो. रिपोर्टचा फोटो व्हॉट्सअॅपवर टाका, असे रात्री फोनवर सांगणारे डॉक्टर तो फोटो बाहेर गेल्यावर आठवत नाहीत. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा 2023 मध्ये झाला आहे. रुग्णाचे नाव झाकल्याशिवाय फोटो पाठवू नये आणि स्वतःच्या मोबाइलमध्ये ठेवू नये.

प्रणाली बंदही पडते. राज्यातील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत वर्षानुवर्षे चाललेली एचएमआयएस जुलै 2022 मध्ये थांबली आणि केसपेपर पुन्हा हाताने लिहिले गेले. त्यामुळे वीज गेली किंवा सर्व्हर बसला तर वापरायचे कोरे टीपीआर चार्ट आणि ट्रीटमेंट शीट प्रत्येक वॉर्डात हाताशी असावेत. यंत्रणा परत सुरू झाल्यावर कागदावरची नोंद ज्या सिस्टरने केली तिनेच, स्वतःच्या आयडीवरून आणि मूळ वेळ शेऱ्यात लिहून संगणकात चढवावी.