सगळेच काही तुझ्या वाइटावर नाहीत

मुक्ता, काल फोनवर तू बोलत होतीस तेव्हा मी मध्ये तोंड घातलं नाही. आता माझं ऐक. उपदेश वाटला तर वाटू दे, मोठ्या बहिणीला तेवढी सूट असते.

तुझं म्हणणं असं, की नव्या ऑफिसात सगळे तुझ्याविरुद्ध आहेत. मीटिंगची वेळ बदलली ते तुला कुणी कळवलं नाही. तुझ्याच ड्रॉइंगवर सही व्हायला चार दिवस लागतात. साइटवरचा एकजण घाणेरडे विनोद करतो आणि बाकीचे हसतात. आणि शेजारच्या टेबलवरचे ते सीनियर फार गोड बोलतात, म्हणजे नक्की काहीतरी शिजतंय. हे ऐकताना मला सारखी अँटोनेट कॉनवे आठवत होती. ती कुणी आपल्या ओळखीची नाही, कादंबरीतली आहे. टाना फ्रेंच नावाच्या लेखिकेची ‘द ट्रेसपासर’, 2016 साली आलेली. तुला पुस्तक कुरियर करतेच आहे, पण तोवर थोडं सांगते. खुनी कोण ते सांगणार नाही, घाबरू नकोस.

ही कॉनवे डब्लिनमध्ये खुनांचा तपास करणाऱ्या पोलिसांच्या तुकडीत आहे. तुकडीत बाई अशी ती एकटीच. वर्णानं सावळी, गरिबीत वाढलेली, आईनं एकटीनं वाढवलेली, आणि जिभेला धार अशी की विचारू नकोस. तुकडीत आल्याआल्या एका सहकाऱ्यानं नको तिथे हात लावला, तर हिनं त्याचं बोट मोडायचंच बाकी ठेवलं. तिथून छळ सुरू. कागद गहाळ होतात, निरोप पोचत नाहीत, पाठ वळली की हशा. वैतागून ती नोकरी सोडून खाजगी सिक्युरिटीत जायच्या विचारात असते. तेवढ्यात रात्रपाळी संपता संपता एक केस पदरात पडते. स्टोनीबॅटर भागातल्या एका छोट्या घरात ऍशलिन नावाची तरुण मुलगी मेलेली. दोघांच्या जेवणाचं टेबल मांडलेलं, डोक्याला मार. सरळसरळ प्रियकराचं काम दिसतं. वर एक अनुभवी सीनियर मदतीला दिलेला, आणि तो घाईघाईनं त्या प्रियकराला आत टाकायला सांगतोय.

आता तू म्हणशील, बघ ताई, अगदी माझीच गोष्ट. थांब जरा.

सगळी कादंबरी कॉनवे स्वतः सांगते. आपल्याला तिच्या डोळ्यांपलीकडचं काही दिसतच नाही, म्हणून तिच्यावर आपला पूर्ण विश्वास बसतो. आणि मग हळूहळू पायाखालची जमीन हलते. छळ खरा आहे, त्याबद्दल लेखिका एका शब्दानंही शंका घेत नाही. पण छळ करणारे कोण आणि नुसते आपल्या कामात बुडालेले कोण, हा फरक कॉनवेनं केव्हाच सोडून दिलेला असतो. कुणी दार उघडं धरलं तरी तिला त्यात डाव दिसतो. जो वरिष्ठ आपल्याला हाकलायला टपलाय असं ती धरून चालते, त्याच्याबद्दलचा तिचा हिशेब शेवटी साफ चुकलेला निघतो. आणि स्टीव्ह मोरन, तिचा जोडीदार, त्या इमारतीत तिच्या बाजूनं उभा राहणारा एकमेव माणूस, त्याच्यावरही ती उलटते.

इतक्या हुशार बाईचं असं का व्हावं? इथे तिचं जुनं आयुष्य येतं. तिचा बाप कोण ते तिला माहीत नाही. लहानपणी आई दर वेळी नवीन बाप सांगायची. एकदा तर तो म्हणे इजिप्तचा राजपुत्र होता. त्यातलं एकही अक्षर खरं नाही हे कळल्यावर कॉनवेनं ठरवलं, की आपल्याला बापबीप काही लागत नाही. आणि योगायोग बघ. ती मेलेली ऍशलिन काही वर्षांपूर्वी तिच्याचकडे आलेली असते, कॉनवे बेपत्ता माणसांच्या विभागात असताना. आपल्या हरवलेल्या बापाची चौकशी करायला. कॉनवेनं तिला वाटेला लावलं होतं. गेलेल्या बापासाठी जन्म अडवून बसलेली मुलगी बघून हिचं डोकंच फिरलं होतं. मला विचारशील तर सगळ्या पुस्तकात हा प्रसंग सर्वात कडक आहे. ज्या गोष्टीची आपल्याला लाज वाटते ती दुसऱ्यात दिसली की आपण किती निष्ठुर होतो!

(आपल्या आजोबांच्या कपाटात बाबुराव अर्नाळकरांच्या पुस्तकांचा ढीग होता, आठवतो? त्यातला झुंजार संकटातून सुटायचा आणि लगेच दुसऱ्यात उडी घ्यायचा. मागचं आठवत बसायला त्याला वेळच नव्हता. मला ते फार आवडायचं, अजूनही आवडतं.)

फ्रेंचबाईंना मात्र भूतकाळाचा हा विषय सोडवतच नाही. त्यांची पहिली कादंबरी ‘इन द वूड्स’, 2007 ची. त्यात रॉब रायन नावाचा डिटेक्टिव्ह आहे. 1984 साली तीन मुलं रानात खेळायला गेली आणि एकच परत आला, तो हा. त्याला काही आठवत नाही. पुढे नाव बदलून तो पोलिसात शिरला आणि त्याच रानाजवळच्या खुनाची केस आली तेव्हा गप्प बसून ती घेतली. त्याचे हाल वाचवत नाहीत. त्यानं आपला भूतकाळ लपवला. कॉनवेनं लपवला नाही, पण तिनं त्याचा चष्मा करून डोळ्यांवर चढवला. तुझी जात कॉनवेची आहे, मुक्ता.

तुझ्या पहिल्या नोकरीत काय झालं ते मला ठाऊक आहे. तुझं काम दुसऱ्याच्या नावावर गेलं, तू बोललीस तर तुलाच भांडखोर ठरवलं, आणि शेवटी राजीनामा तू दिलास. ते सगळं खरं होतं. म्हणून तर मला काळजी वाटते. कारण तुझ्या नव्या ऑफिसातल्या माणसांवर तू जुन्या माणसांची तोंडं बसवते आहेस.

एक कर. वहीच्या पानावर मधोमध रेघ मार. डावीकडे फक्त पाहिलेलं आणि ऐकलेलं: तारीख, कोण होतं, नेमके शब्द काय. उजवीकडे तुला वाटलेलं. कॉनवे साक्षीदाराकडून हेच काढून घेते, काय दिसलं ते सांगा, अर्थ मी लावते. स्वतःच्या बाबतीत तेवढं तिला जमत नाही.

काल तू सांगितलंस त्यातलं साइटवरच्या माणसाचं सगळं डावीकडे जाईल. ते सहन करायचं नाही. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्ध 2013 चा कायदा आहे, दहा किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती असायलाच हवी. लेखी तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत करायची. त्यानंतरही समिती मुदत वाढवू शकते, पण तू कशाला थांबतेस? मसुदा मी बघून देईन. मीटिंगच्या निरोपाचं मला नक्की सांगता येत नाही, ईमेलच्या यादीत तुझं नाव आहे का ते आधी बघ. आणि त्या गोड बोलणाऱ्या सीनियरबद्दल डावीकडे लिहायला तुझ्याकडे काय आहे? त्यांनी तुला दोनदा चहा विचारला, एवढंच ना? मग सह्या का अडतात ते त्यांनाच जाऊन विचार. उत्तर टाळलं तर तेही डावीकडे लिहिता येईल.

कादंबरीच्या शेवटाकडे कॉनवेचा बाप खराखुरा दारात येतो, आणि ती त्याला घालवून देते. मला आधी ते पटलं नव्हतं, निदान ऐकून तरी घ्यायचं, असं वाटलं. आता वाटतं, तो तिचा हक्क होता. वाचून तुझं मत काय होतं ते सांग. फ्रेंचच्या या मालिकेत सहा पुस्तकं आहेत आणि हे सहावं, पण निवेदक दर वेळी बदलतो, त्यामुळे इथूनच सुरू केलंस तरी बिघडत नाही. मात्र रात्री बसू नकोस वाचायला, सकाळी साइटवर जायचं असतं तुला.