तिसऱ्या करडाचे दूध

बालमित्रांनो आणि भिंतीपाशी उभे राहून वाचणाऱ्या आईवडिलांनो,

आपल्या वर्गात ज्यांच्या घरी शेळी नाही अशी मुले थोडीच. शेळीला गरिबाची गाय म्हणतात हे आपण निबंधात दरवर्षी लिहितो. पण आईचे दूध न मिळालेले करडू कसे जगवावे, हे निबंधात कुठेच येत नाही. म्हणून ते येथे लिहिते.

आपल्या धाराशिव जिल्ह्याची शेळी म्हणजे उस्मानाबादी. रंगाने बहुतेक काळी. ती सुमारे १५० दिवस गाभण राहते. बरेचदा जुळी देते, कधी कधी तिळी. पण शेळीला सड दोनच! दोन दांडगी करडे दोन सड धरतात. तिसरे मागून ढुशा मारते आणि शेवटी दमून कोपऱ्यात बसते. आमची शेळी या माघात पहाटे व्याली, तेव्हा तिसरी पाट निघाली ती मूठभर. दुकानदार काकांचा ताणकाटा आणून, पिशवीत घालून वजन केले तर १ किलो ६०० ग्रॅम. बाबा म्हणाले, "दोन जगली तरी बास. तिसरीचा नाद सोड."

मी नाद सोडला नाही. त्याचे कारण मागच्या वर्षीचे आहे.

मागच्या वर्षीही एक अशक्त करडू झाले होते. मी त्याला तान्ह्या बाळासारखे मांडीवर उताणे घेतले आणि बोंडल्याने दूध पाजले. त्याला ठसका लागला, दूध नाकातून आले. मला वाटले, पोट भरले. दुसऱ्या दिवशी त्याची छाती घरघरू लागली आणि तिसऱ्या दिवशी ते गेले. जनावरांच्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, "बाळ, दूध पोटात नाही, फुप्फुसात गेलं." मी कोणाला सांगितले नाही, पण ते करडू माझ्या हातून गेले. मग या वर्षी शेळी गाभण असतानाच मी डॉक्टरांना सगळे विचारून वहीत लिहून ठेवले.

पहिली गोष्ट ऊब. करडू गार पडलेले असेल तर दूध पाजायचे नाही. त्याच्या तोंडात स्वच्छ बोट घालून पाहावे. तोंड आतून गार लागले तर आधी अंग कोरडे पुसावे, गोणपाटात गुंडाळावे, गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात बांधून दोन्ही बाजूंना ठेवाव्यात. गारठलेल्या करडाचे पोट काम करीत नाही, दूध तसेच पडून नासते. आमच्या पाटीचे तोंड ऊबदार व्हायला अर्धा तास लागला. तेवढ्यात आज्जी तीनदा म्हणाली, "अगं, पाज की लेकरू मरंल!" तेव्हा थांबणे फार अवघड गेले.

दुसरी गोष्ट चीक. माणसाच्या बाळाला रोगाशी लढण्याची शक्ती आईच्या पोटातच थोडी मिळालेली असते. करडाला ती पोटात मिळत नाही, ती चिकातूनच मिळते. आणि ती आतड्यातून रक्तात जाण्याचा रस्ता पहिले काही तास चांगला उघडा असतो, साधारण २४ तासांत बंद होतो. म्हणून पहिल्या तासातच चीक द्यावा. पहिल्या दिवसभरात वजनाच्या दहाव्या हिश्श्याएवढा जावा. १६०० भागिले १० म्हणजे १६० मिलिलिटर. मी शेळीचाच चीक पिळून ४० मिलिलिटर असा चार वेळा दिला. शेळी मेली असेल तर दुसऱ्या शेळीचा चालतो, गाईचाही चालतो. तो उकळू मात्र नये. उकळला की त्याचा खरवस होतो हे सर्वांना माहीत आहे. तो आपल्याला गोड लागतो, करडाच्या कामाचा राहत नाही. चिकाची भांडी गरम पाण्यात ठेवून कोमट करावीत.

आता बाटली. लहान बाळाची जुनी बाटली चालते. निपलचे भोक असे हवे की बाटली उलटी केली तर थेंब थेंब पडावा, धार लागू नये. करडू चार पायांवर उभे असावे, मान वर, जसे ते आईच्या सडाला तोंड लावताना करते. त्यामागे विज्ञान आहे. शेळीच्या पोटाचे चार कप्पे असतात : कोठीपोट, जाळीपोट, पडदेपोट आणि खरे पोट. पाला खाल्ला की तो कोठीपोटात जातो आणि मग रवंथ होतो. दूध कोठीपोटात जाऊन चालत नाही, तिथे ते आंबते आणि पोट फुगते. करडू चोखू लागले की आत एक पन्हळ मिटून नळीसारखी होते आणि दूध थेट शेवटच्या कप्प्यांकडे, खऱ्या पोटात जाते. घाईने तोंडात ओतले तर ती पन्हळ नीट मिटत नाही. आपल्या शेताचा पाट दारे धरून वळवतो, तसेच हे.

शेळीला दूध कमी होते, म्हणून तीन दिवसांनंतर घरी दूध तयार केले. गाईचे पाव लिटर दूध उकळून कोमट केले. आणखी ६० मिलिलिटर दूध वेगळे आटवून २५ करून त्यात घातले, आणि वर एक मोठा चमचा ताजे ताक. अमेरिकेतले शेळ्या पाळणारे लोक दुधात डब्यातले आटवलेले दूध आणि ताक घालतात, त्याच हिशेबाने आपले हे घरगुती. डब्यातले साखर घातलेले गोड दूध मात्र घेऊ नये, हगवण लागते. दुधात पाणी घालून वाढवू नये. पोट भरल्यासारखे दिसते पण करडू वाळत जाते. म्हशीचे दूध जास्त स्निग्ध असते, तेच असेल तर दोन वाट्या दुधात एक वाटी उकळलेले पाणी घालावे. रोज एकाच प्रकारचे दूध द्यावे. आज गाईचे, उद्या म्हशीचे, असे करू नये.

शेळीच्या अंगाचे तापमान सुमारे ३९ अंश असते, आपल्यापेक्षा जास्त. म्हणून दूध मनगटावर टाकल्यावर किंचित गरम लागावे.

रोजचे दूध वजनाच्या साधारण १५ टक्के. १६०० चे १५ टक्के २४०, ते चार वेळा ६०, ६०. सकाळी सहाला, मधल्या सुट्टीत, संध्याकाळी आणि झोपताना. (मधल्या सुट्टीत मी घरी का पळते हे आता वर्गाला कळले असेल.) ती आणखी मागते, ओरडते, पण द्यायचे नाही. भुकेपेक्षा जास्त दुधानेच करडे जास्त बिघडतात, असे डॉक्टर म्हणाले. आठव्या दिवशी आमच्या धाकट्या भावाने लाडाने तिला जादा बाटली पाजली आणि रात्री तिला पातळ झाले. मग दोन दुधांच्या मध्ये आपल्या विज्ञानाच्या पुस्तकातली जलसंजीवनी दिली : एक लिटर उकळलेल्या पाण्यात सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. दुसऱ्या दिवशी थांबले. थांबले नसते, किंवा रक्त दिसले असते, तर तडक दवाखाना.

बाटली आणि निपल दर वेळी गरम पाण्याने धुवायचे. याचाच सर्वांत कंटाळा येतो.

दहाव्या दिवशी वजन २ किलो ३०० ग्रॅम भरले. बाबांनी काटा दोनदा पाहिला. महिन्याचे दूध सुमारे साडेदहा लिटर होते. बाबांच्या हिशेबाने हा तोट्याचा धंदा आहे. माझ्या हिशेबाने पाट मोठी होऊन वर्ष-दीड वर्षात स्वतः व्याली की तोटा भरून निघेल. यावर आमच्या घरी अजून वाद चालू आहे.

पंधरा दिवसांनंतर ती शेवरीचा पाला हुंगू लागली, आता कुरतडते. दोन-अडीच महिन्यांनी दूध हळूहळू बंद करायचे. बाटली आमच्या ओसरीवर खुंटीला आहे. ज्यांच्या घरी शेळी व्यायची आहे त्यांनी तेव्हा मागून न्यावी. निपल मात्र नवे आणावे, जुने तिने चावून टाकले आहे.

— इयत्ता सातवीची एक विद्यार्थिनी