शिल्लक किती, देणे किती?

देवमामलेदारांची कथा सटाण्यात लहानथोरांना ठाऊक आहे. 1870-71 च्या दुष्काळात यशवंतराव महाराजांनी सरकारी खजिना भुकेल्यांना वाटला. साहेब तपासणीला आले, तर तिजोरीतली रक्कम बरोबर भरली, असे भाविक सांगतात. श्रद्धा श्रद्धेच्या जागी राहू द्या. तपासणीची रीत तेवढी बघा. तिजोरी उघडली, रुपये मोजले, तपासणी संपली!

सरकारी हिशेब पुढेही याच रीतीने चालला. पैसा आला की जमा, गेला की खर्च. हिला रोख पद्धत म्हणतात.

आता समजा, तुम्ही कांदा विकला. 20,000 रुपये व्यापाऱ्याकडून यायचे आहेत. खतवाल्याची उधारी 30,000. खिशात 5,000. मग तुम्ही 5,000 चे धनी का? छे! सगळे फेडल्यावर उलट 5,000 अंगावर येतात. पेठेतला दुकानदार हे कीर्द-खतावणीत पिढ्यान् पिढ्या मांडतो आहे. सरकारच मागे राहिले.

नगरपालिकेचेही असेच होते. 31 मार्चला रोकडवहीत शिल्लक दिसते. तिच्यात ठेकेदाराची अनामत मिसळलेली असते. ती तर परत द्यायची! विजेचे थकलेले बिल त्या शिलकेत दिसत नाही. लोकांकडची थकलेली घरपट्टीही दिसत नाही. सभासद शिल्लक बघून नवे काम मंजूर करतात. पुढे बिलापायी पंपाची वीज तुटली, तर हंडे घेऊन हिंडावे लागते ते आपल्या घरच्या बायांना.

म्हणून 2004 साली देशातल्या नगरपालिकांसाठी नवी लेखा नियमपुस्तिका निघाली. महाराष्ट्रात 1971 च्या संहितेच्या जागी 2013 ची लेखा संहिता आली. तिच्यात दुहेरी नोंद आहे. बिल आले की देणे त्याच वेळी लिहायचे, पैसे कधीही द्या. वर्षअखेर येणे, देणे, मालमत्ता यांचा ताळेबंद मांडायचा.

पण शिकलेले लेखापाल कमी. गरीब देशांत सगळीकडे हीच अडचण आहे. बऱ्याच ठिकाणी कचेरी वर्षभर जुनीच रोकडवही लिहिते, आणि शेवटी बाहेरचा सनदी लेखापाल तिच्यावरून ताळेबंद जुळवून देतो. मी तर याला परीक्षेच्या आदल्या रात्री दुसऱ्याची वही उतरवणे म्हणेन. वर्षभर सभासदांना देणे दिसलेच नाही, मग उपयोग काय?

ताळेबंद माहितीच्या अधिकारात 10 रुपये भरून अर्जाने मागता येतो. तो मिळाला की आधी ‘देणी’ हा शब्द शोधा. त्यापुढचा आकडा बोट ठेवून वाचा. रोख शिल्लक त्यानंतर वाचा.