मत्स्यपेटींतील नायट्रेट कमी कसें करावें?

आमच्या कांहीं विद्यार्थ्यांच्या घरीं खाऱ्या पाण्याच्या मत्स्यपेट्या आहेत. मासे चपळ दिसतात, पाणीही निर्मळ असतें. पण कांचेवर तपकिरी शेवाळ चढूं लागतें, आणि पाण्याची परीक्षा करून पाहिली म्हणजे नायट्रेटचा आंकडा भलताच मोठा निघतो. असें कां होतें व त्यावर उपाय काय, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे. या बाबतींत आमच्या हातून एक चूक घडली. तीही सांगूं, म्हणजे ती इतरांच्या हातून घडणार नाहीं.

प्रथम नायट्रेट येतें कोठून तें पाहूं. अन्नांत नत्र असतें. मासे तें खातात व कल्ल्यांवाटें अमोनिया बाहेर टाकितात. विष्ठा आणि उरलेलें खाणें कुजूनही अमोनियाच होतो. हा माशांस फार विषारी. दगडांवर व वाळूंत राहणारे सूक्ष्म जंतु त्याचें नायट्राइट करितात, आणि दुसऱ्या जातीचे जंतु नायट्राइटाचें नायट्रेट करितात. हें काम जंतूंचें आहे असें १८७७ सालीं श्लोझिंग व म्युंट्झ या फ्रेंच शास्त्रज्ञांनीं दाखविलें, आणि १८९० च्या सुमारास विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञानें ते जंतु वेगळे करून वाढविले.

नायट्रेट अमोनियाहून पुष्कळच सौम्य आहे. समुद्रांत तें वनस्पति शोषून घेतात; प्रवाळ-खडकांवरील पाण्यांत तें लिटरमागें एक मिलिग्रॅमही नसतें. पेटींत मात्र तें सांचत जातें. केवळ मासे असल्यास लिटरमागें ४० मिलिग्रॅमच्या खालीं, व पोवळीं असल्यास १० च्या खालीं तें ठेवावें, असा सामान्य प्रघात आहे. कांहीं परीक्षा-संचांवर नायट्रेटऐवजीं त्यांतील केवळ नत्राचा आंकडा दिलेला असतो. त्यास ४.४ नें गुणिलें म्हणजे नायट्रेटचा आंकडा येतो.

आतां आमची चूक. आमच्या घरची पेटी २०० लिटरांची. दर आठवड्यास आम्ही ४० लिटर, म्हणजे पांचवा हिस्सा, पाणी बदलीत असूं. तरी एके दिवशीं आंकडा ८० निघाला. घाबरून आम्हीं एका दुपारींच १५० लिटर पाणी बदललें. घाईंत नव्या पाण्याचा खारेपणा व उष्णता जुन्याशीं जुळविण्याचें राहिलें. आंकडा ३५ वर आला खरा. पण दुसऱ्या दिवशीं सकाळीं दोन क्लाउन माशांपैकीं एक तळाशीं मरून पडलेला आढळला. आणि तीन महिन्यांत आंकडा पुन्हा ८० च्या आसपास गेला! मासा गेला तो गेला, आणि रोग जेथल्या तेथेंच राहिला.

असें कां झालें, हें गणितानें कळतें. समजा, दर आठवड्यास लिटरमागें १२ मिलिग्रॅम नायट्रेट वाढतें, पांचवा हिस्सा पाणी बदललें जातें, व नव्या पाण्यांत नायट्रेट मुळींच नाहीं. आंकडा ६० झाला म्हणजे पांचव्या हिश्श्याबरोबर १२ निघून जातात, आणि आठवड्यांत तितकेच परत येतात. म्हणून आंकडा ६० वरच स्थिरावतो. नव्या पाण्यांतच २० असतील, तर तो ८० वर स्थिरावतो. एकदां पुष्कळ पाणी बदलल्यानें आंकडा कांहीं काळ उतरतो. पण आवक तशीच राहिली तर तो आपल्या ठिकाणीं परत येतो. तेव्हां पहिला विचार जावकेचा नव्हे, आवकेचा करावयास पाहिजे.

आमच्या घरीं आवक दोन वाटांनीं होत होती. पहिली वाट विहिरीच्या पाण्याची. खतें, शेण व सांडपाणी जमिनींत मुरून विहिरींत नायट्रेट उतरतें. आपल्या देशांत पिण्याच्या पाण्यांत लिटरमागें ४५ मिलिग्रॅमपर्यंत तें चालतें. पण माणसास चाललेलें पाणी पेटीस चालेलच असें नाहीं. आमच्या विहिरींत २० निघालें. उकळून तें जात नाहीं. उलट पाणी आटल्यानें तें दाटच होतें. आर. ओ. यंत्राचें पाणी घेतल्यावर ही वाट जवळजवळ बंद झाली. वाफ होऊन गेलेलें पाणीही त्याच गोड्या पाण्यानें भरून काढावें. कारण वाफ जाते, मीठ व नायट्रेट मागें राहतात.

दुसरी वाट ममतेची. सकाळीं आम्ही, शाळेंतून आल्यावर कन्या, आणि दिवेलागणीस आमच्या मातोश्री, असे तिघे एकमेकांस न कळवितां खाणें घालीत असूं. मातोश्रींस विचारलें तेव्हां त्या म्हणाल्या, "मुका जीव तोंड उघडून समोर येतो, त्याला नाहीं कसें म्हणूं?" यावर आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. अखेर रोजचें खाणें एका लहान डबींत मोजून ठेवूं लागलों. डबी रिकामी दिसली कीं कोणीं तरी घातलें असें समजावयाचें. खाणें निम्मे झालें, वाढही निम्मी, म्हणजे ६ झाली. त्याच पांचव्या हिश्श्यानें आंकडा हळूहळू ३० कडे उतरला. त्यास तीन महिने लागले. मासा मुळींच रोडावला नाहीं.

याहून खालीं जावयाचें असेल त्यांनीं पुढील उपाय करावे.

(१) गाळणीचा स्पंज पेटींतून काढलेल्याच पाण्यांत वरचेवर धुवावा. त्यांत अडकलेलें अन्न तेथेंच कुजतें.

(२) फेस काढणारें यंत्र बसवावें. तें मळ कुजण्यापूर्वींच बाहेर काढितें.

(३) वेगळ्या कप्प्यांत दिव्याखालीं समुद्रशेवाळ वाढवावें व तें ठराविक काळानें उपटून काढावें. पेटींतच कुजूं दिलें तर शोषलेलें नत्र परत पाण्यांत येतें.

(४) सच्छिद्र दगड ठेवावे. त्यांच्या आंतल्या भागीं प्राणवायु पोंचत नाहीं. तेथील जंतु नायट्रेटांतील प्राणवायु वापरितात व नत्र वायुरूपानें हवेंत सोडितात.

शिरका किंवा मद्यार्क थेंब थेंब घालून जंतु वाढविण्याचीही रीत आहे. पण प्रमाण चुकल्यास पाण्यांतील प्राणवायु संपून मासे गुदमरतात. नवशिक्यांनीं तिच्या वाटेस जाऊं नये. कोणताही उपाय करा, आंकडा सावकाश उतरवावा. महिनोन् महिने चढलेलें एका दुपारीं उतरवूं पाहणें हाच आमचा अपराध होता.

शेवटीं विद्यार्थ्यांकरितां एक उदाहरण. एका पेटींत दर आठवड्यास लिटरमागें ८ मिलिग्रॅम नायट्रेट वाढतें. चौथा हिस्सा पाणी बदलतात. नव्या पाण्यांत १० मिलिग्रॅम आहे. आंकडा कोठें स्थिरावेल? उत्तर ४२. तो २० च्या खालीं आणावयाचा असेल तर आधीं पाणी सुधारावें कीं आधीं खाणें कमी करावें, हें प्रत्येकानें आंकडेमोड करून ठरवावें. आणि घरीं पेटी असल्यास खाण्याची डबी किती जणांच्या हातीं जाते, तेंही एकदां विचारून पाहावें.