रणांगणावरची रायफल आणि क्रीडांगणावरची रायफल

तुमच्यापैकी काही जण एन.सी.सी.त असतील. त्यांनी .२२ बोरची रायफल हाताळलीही असेल. मी नववीत असताना पुण्याजवळच्या एका रेंजवर आम्हाला प्रत्येकी पाच गोळ्या मिळाल्या होत्या. अंतर २५ यार्ड, म्हणजे सुमारे २३ मीटर. माझ्या पाचही गोळ्या निशाणाच्या मध्यापासून बऱ्याच खाली आणि डावीकडे गेल्या. पण पाचही भोके एका रुपयाच्या नाण्याखाली झाकता येतील इतकी जवळ होती. शेजारच्या मित्राची एक गोळी बरोबर मध्यावर लागली आणि उरलेल्या चार कागदभर विखुरल्या. आम्ही सर्वांनी त्याच्या पाठीवर थाप मारली!

दुसऱ्या फेरीत मी ठरविले की आता चूक सुधारायची. एक गोळी थोडी वर धरून मारली, पुढची उजवीकडे, तिसरी आणखी वर. कागद हाती आला तेव्हा माझी भोकेही मित्राच्या भोकांसारखी विखुरलेली होती. संघात माझी निवड झाली नाही. आमचे उस्ताद पहिला कागद हातात धरून म्हणाले, “पोरा, बंदुकीने तुला पाचदा तेच सांगितलं. तू एकदाही ऐकलं नाहीस.”

या वाक्याचा अर्थ मला पुढे कॉलेजात, स्क्रूगेज हातात घेतल्यावर कळला. आज आपण त्याच अर्थाचा मागोवा घेणार आहोत. लष्करासाठी बनविलेली रायफल खेळासाठी वापरायची झाली तर ती कशी निवडावी आणि तिच्यात काय बदलावे लागते, हा आपला आजचा प्रश्न.

चुका दोन जातींच्या

स्क्रूगेजचे दोन्ही जबडे टेकवले आणि तरीही वाचन शून्य न येता ०.०३ मिमी आले, तर आपण काय करतो? उपकरण फेकून देत नाही. तिला शून्य त्रुटी म्हणतो आणि प्रत्येक वाचनातून तेवढी वजा करतो. पण तेच उपकरण एकाच तारेची जाडी दरवेळी वेगळी दाखवू लागले तर? मग वजा काय करणार?

माझ्या पाच गोळ्यांची चूक पहिल्या जातीची होती. मागचे निशाण थोडे वर आणि उजवीकडे सरकवले असते की पाचही गोळ्या मध्यावर! मित्राची चूक दुसऱ्या जातीची. ती कोणत्याही एका स्क्रूने सुधारणारी नव्हती. मध्यावर लागलेली त्याची गोळी हा केवळ योगायोग होता.

म्हणून रायफल निवडण्याचा पहिला नियम असा: मध्यावर मारते ती रायफल चांगली असे नव्हे, तर लहान जागेत मारते ती चांगली. स्पर्धेतील नेमबाज रायफल आणि काडतुसे पारखताना नळी शिकंज्यात घट्ट धरतात, गोळ्या झाडतात आणि भोकांचा पुंजका किती लहान येतो ते मोजतात. पुंजका कागदावर कोठे पडला याची त्या वेळी कोणी पर्वा करीत नाही.

सैनिकाला काय हवे असते?

आपल्याकडे सर्वांना ऐकून माहीत असलेली लष्करी रायफल म्हणजे थ्री-नॉट-थ्री, अर्थात ली-एनफिल्ड. बंगालमधील इशापूरच्या कारखान्यात ती वर्षानुवर्षे बनत होती. १९६०च्या दशकात तिथेच तिचे ७.६२ मिमी बोरचे रूपही तयार झाले. आपल्या पोलीस दलांनी तर ती कितीतरी दशके वापरली. उत्तर प्रदेश पोलिसांनी तिला समारंभपूर्वक निरोप दिला तो २०२० साली.

ही रायफल सुमारे ४ किलोची. चिखल, वाळू, पाऊस यांतही तिने चाललेच पाहिजे, ही पहिली अट. त्यासाठी काडतूस बसण्याची जागा मुद्दाम थोडी सैल ठेवलेली असे. नळीवर जवळजवळ टोकापर्यंत लाकडाचे आवरण, म्हणजे तापलेल्या नळीने हात भाजू नये आणि संगिनीच्या झटापटीत नळी वाकू नये. चाप जड, म्हणजे घाईत चुकून गोळी सुटू नये. यांतली एकही गोष्ट मूर्खपणाची नाही. मात्र प्रत्येक सैलपणा म्हणजे दुसऱ्या जातीच्या चुकीला उघडे ठेवलेले एकेक दार. खेळासाठी रायफल तयार करणे म्हणजे ही दारे एकामागून एक बंद करणे!

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो. लष्करी काडतूस चालणाऱ्या बोरची बंदूक आपल्या देशात सामान्य नागरिकाला बाळगता येत नाही आणि परवान्यातील शस्त्रातही मनाला येईल तसे फेरफार करता येत नाहीत. १९५९चा शस्त्र अधिनियम त्यासाठीच आहे. आपल्याला समजून घ्यायचे आहे ते त्यामागील पदार्थविज्ञान.

पहिले दार : निशाण

५० मीटर रायफल स्पर्धेतील निशाणावर दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास असतो १०.४ मिमी. गोळीचा व्यास ५.६ मिमी. भोकाची कड वर्तुळाला नुसती शिवली तरी दहा गुण मिळतात. म्हणजे गोळीचा मध्य निशाणाच्या मध्यापासून (१०.४ + ५.६) ÷ २ = ८ मिमी दूर गेला तरी चालते.

आता समरूप त्रिकोण आठवा. रायफलीच्या टोकावर पुढची माशी आणि डोळ्याजवळ मागचे निशाण. समजा, या दोहोंतील अंतर ८०० मिमी आहे. ५०,००० मिमीवर ८ मिमी, तर ८०० मिमीवर किती? उत्तर येते सुमारे ०.१३ मिमी. जाडसर केसापेक्षा फार मोठे नाही! माशी एवढीशी हलली की दहा गुण गेले.

जुन्या आखूड ली-एनफिल्डचे मागचे निशाण नळीच्या मध्यावर बसवलेले असे. त्यामुळे दोन निशाणांतील अंतर जेमतेम अर्धा मीटर. तिथे हीच मर्यादा ०.०८ मिमीवर येते. शिवाय ते निशाण म्हणजे एक उघडी खाच. खाच, माशी आणि लांबचे लक्ष्य, या तिन्हींवर डोळ्याचे भिंग एकाच वेळी स्थिर होऊ शकत नाही. दुसऱ्या महायुद्धातील ‘नंबर ४’ या सुधारित रूपात मागचे निशाण डोळ्याजवळ आणले आणि खाचेऐवजी बारीक छिद्र दिले. दोन निशाणांतील अंतर वाढले. आणि सूचिछिद्र कॅमेऱ्यात जवळचे व दूरचे दोन्ही स्पष्ट दिसते, तोच लाभ येथेही मिळाला. खेळाच्या रायफलीत याच्याही पुढे जाऊन पुढच्या माशीच्या जागी वलय असते. छिद्र, वलय आणि काळे वर्तुळ ही एकाच मध्याभोवती बसली की झाले. गोलात गोल बसवणे आपल्या डोळ्याला फार चांगले साधते.

दुसरे दार : चाप

लष्करी रायफलीचा चाप ओढायला दोन ते तीन किलोचा जोर लागतो. रायफल ४ किलोची. म्हणजे तिच्या निम्म्याहून अधिक वजनाइतका जोर एका बोटाने लावायचा आणि ती ०.१ मिमीसुद्धा हलू द्यायची नाही! ५० मीटर स्पर्धेच्या रायफलीत हा जोर शंभर ग्रॅमच्या आसपास ठेवता येतो. मात्र असा हलका चाप रणांगणावर घातकच ठरेल. गुण आणि दोष हे वस्तूत नसतात, कामात असतात.

तिसरे दार : नळी आणि लाकूड

पोलादी पट्टी टेबलाच्या कडेवर दाबून धरा आणि मोकळे टोक छेडा. ती थरथरते. आता मध्ये कोठेतरी बोट टेकवा. कंपने लगेच बदलतात. गोळी सुटताना नळीही अशीच कंप पावते. त्यात काही बिघडत नाही. बिघडते ते दरवेळी वेगळी कंप पावली तर. पावसाळ्यात पुण्यात दारे-खिडक्या फुगून घट्ट बसतात हे तुम्ही पाहिले आहेच. रायफलीचे लाकूडही तसेच फुगते, नळीला कोठेतरी टेकते आणि उन्हाळ्यात जमलेला पुंजका जुलैत दुसरीकडे सरकतो. म्हणून खेळाच्या रायफलीत नळी जाड घेतात, ती मागच्या बाजूला घट्ट बसवतात आणि पुढे लाकडाला कोठेही टेकू देत नाहीत. मधून कागदाची पट्टी सहज सरकली पाहिजे.

ब्रिटनमध्ये १९७०च्या सुमारास हाच प्रयोग मोठ्या प्रमाणावर झाला. जुन्या ‘नंबर ४’ रायफलीची मधली यंत्रणा तशीच ठेवून तिला ७.६२ मिमीची जड, मोकळी नळी आणि छिद्राचे बारीक निशाण बसविले. पुढचे लाकूड निम्मे कापून टाकले. एनफिल्डच्या कारखान्यानेच अशा स्पर्धेच्या रायफली बनविल्या.

त्यांत एक गंमत आढळली. ली-एनफिल्डची खीळ मागच्या टोकाला अडकते. त्यामुळे दाबाखाली यंत्रणा किंचित लवचिकपणे ताणली जाते. हा दोष खरा. पण ९०० मीटरसारख्या अंतरावर त्याचा फायदा दिसला! कमी वेगाची गोळी नळीतून थोडी उशिरा बाहेर पडते. तोपर्यंत नळीचे तोंड किंचित वर उचललेले असते. म्हणून जी गोळी अधिक खाली पडायची, तीच थोडी वरच्या दिशेने सुटते आणि दोन्ही गोळ्या जवळजवळ एकाच उंचीवर पोचतात.

चौथे दार : काडतूस आणि धक्का

वेगातील फरकाने किती बिघडते? .२२च्या स्पर्धेच्या गोळीचा वेग ध्वनीपेक्षा थोडा कमी, साधारण ३२५ मीटर प्रतिसेकंद असतो. हवेचा विरोध सोडून दिला तर ५० मीटरला ०.१५४ सेकंद लागतात. तेवढ्या वेळात गोळी ½gt² या सूत्राप्रमाणे ११.६ सेंमी खाली येते. वेग ३३० झाला तर ११.२५ सेंमी. म्हणजे वेगात केवळ ५ मीटरचा फरक पडला की उंचीत साडेतीन मिमीचा फरक. आपल्या जवळ मुळात ८ मिमीच आहेत! म्हणून नेमबाज काडतुसांचा एकेक गट आपल्या नळीतून पारखून घेतात.

आता धक्का पाहू. रायफल आणि गोळी यांचा एकूण संवेग शून्य राहतो. .३०३ची गोळी सुमारे ११.३ ग्रॅमची आणि वेग ७४४ मीटर प्रतिसेकंद. ४ किलोची रायफल त्यामुळे निदान २.१ मीटर प्रतिसेकंद वेगाने खांद्यावर येते. गोळी नळीत असतानाच ती जवळपास २ मिमी मागे सरकलेली असते. .२२ची गोळी २.६ ग्रॅमची आणि खेळाची रायफल ५.५ किलोची घेतली, तर हे सरकणे फक्त ०.३ मिमी येते. गणित स्वतः करून पाहा. म्हणूनच फार पूर्वीपासून सैन्यातही नवशिक्यांसाठी थ्री-नॉट-थ्रीच्या नळीत .२२ बोरची आतली नळी बसवीत. वजन तेच, चाप तोच. धक्का मात्र नाममात्र.

शेवटचे दार : माणूस

लष्करी दस्ता एकाच मापाचा, हजारो सैनिकांसाठी. खेळाच्या रायफलीत गालाचा टेकू आणि खांद्याकडचा भाग वरखाली, पुढेमागे करता येतो. हेतू एकच: डोळा दरवेळी छिद्रामागे त्याच जागी यावा आणि वजन स्नायूंनी नव्हे तर हाडांनी तोलावे. स्नायू थकतो, थरथरतो. हाड थकत नाही.

२०१० साली म्युनिक येथील जागतिक स्पर्धेत कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी पालथे पडून मारण्याच्या प्रकारात ६०० पैकी ५९७ गुण मिळवून सुवर्णपदक जिंकले. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीचे स्वप्नील कुसाळे पुण्यात मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस होते. बालेवाडीच्या रेंजवर ते सराव करीत. पॅरिस ऑलिंपिकमध्ये १ ऑगस्ट २०२४ रोजी त्यांनी ५० मीटर रायफलीत कांस्यपदक मिळविले. त्यांच्या प्रकारात गुडघ्यावर बसून, पालथे पडून आणि उभे राहून अशा तिन्ही स्थितींत मारावे लागते. प्राथमिक फेरीतील ६० गोळ्यांत त्यांचे गुण होते ५९०. साठ वेळा जवळजवळ तेच शरीर, तोच श्वास, तेच बोट! हा एकसारखेपणा कोणत्याही कारखान्यात मिळत नाही.

करून पाहा : चुकीचा त्रिकोण

सैन्यात नेम शिकवण्याची एक जुनी रीत आहे. तिला बंदूक लागत नाही. अर्धा मीटरची लाकडी पट्टी घ्या. एका टोकाला उभी टाचणी लावा. दुसऱ्या टोकाला पुठ्ठा उभा करा आणि त्यात २ मिमीचे छिद्र पाडा. पट्टी टेबलावर पुस्तकांनी दाबून ठेवा. पाच मीटरवर भिंतीला कोरा कागद चिकटवा. मित्राने मध्यभागी भोक असलेली २ सेंमीची काळी चकती कागदावर सरकवायची. छिद्र, टाचणी आणि चकती एका रेषेत दिसली की तुम्ही ‘थांब’ म्हणायचे आणि त्याने भोकातून पेन्सिलीचा ठिपका द्यायचा. पट्टीला हात न लावता असे तीनदा करा. तीन ठिपके जोडले की त्रिकोण तयार होतो. तो जितका लहान, तितके तुम्ही चांगले नेमबाज!

नंतर छिद्र टाचणीपासून २५ सेंमीवर आणून पाहा. मग छिद्राऐवजी व्ही आकाराची खाच करून पाहा. तिन्ही त्रिकोणांच्या सर्वांत मोठ्या बाजू मोजून वहीत लिहा.

आणि एक पथ्य पाळा. एखादा ठिपका दूर पडला म्हणून तो खोडू नका. प्रयोगशाळेत लंबकावरून g काढताना पुष्कळ विद्यार्थी ९.८च्या जवळचे तेवढेच वाचन ठेवतात आणि बाकीची गाळतात. त्यांना मी माझा तो पहिला कागद दाखवतो. तो अजून माझ्याजवळ आहे.

जाता जाता एक उदाहरण: १० मीटर एअर रायफलीच्या निशाणावर दहाचा ठिपका ०.५ मिमीचा असतो आणि छर्रा ४.५ मिमीचा. छर्ऱ्याचा मध्य किती सरकला तरी दहा गुण मिळतील? त्यावरून कोन काढा आणि ५० मीटरच्या कोनाशी ताडून पाहा. कोणता नेम अधिक कठीण?